मुंबईचा नौदल डॉकयार्ड: भरतीने दिलेली गोदी, दुरुस्तीने टिकवलेली

प्रश्न असा आहे: मुंबईतला नौदलाचा डॉकयार्ड नेमका कधी आणि का उभा राहिला, वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याचा त्यात वाटा किती, आणि त्याच्यामुळे शहरात काय बदललं? माझं आयुष्य कोरड्या गोदीत जहाजं घेण्या-सोडण्याच्या कामात गेलं, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. या विषयावर नेहमी वाडियांच्या जहाजांच्या नावांपासून सुरुवात होते. ती जहाजं मोठीच होती, पण तिथून सुरुवात केली की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर हातातून निसटतं. माझ्या मते मुंबईला गोदी मिळाली ती भरतीमुळे, आणि ती टिकली दुरुस्तीच्या कामामुळे. नवीन जहाजं बांधणं हा या इतिहासातला मधला, सर्वांत तेजस्वी, पण तुलनेने छोटा काळ आहे.

आधी एक घोटाळा दूर करतो. मुंबईकर ज्याला नुसतं ‘गोदी’ म्हणतात ती पोर्ट ट्रस्टची व्यापारी गोदी. प्रिन्सेस डॉक १८८०चा, अलेक्झांड्रा डॉक (आजचा इंदिरा डॉक) १९१४चा. १४ एप्रिल १९४४ला फोर्ट स्टिकिन जहाजाचा भयंकर स्फोट झाला तोही व्हिक्टोरिया डॉकमध्ये, म्हणजे व्यापारी गोदीत. माझगाव डॉक हा तिसरा प्रकार, तिथे नवी जहाजं बांधली जातात. हार्बर लाइनवरचं डॉकयार्ड रोड स्टेशनही माझगावातच आहे. आपण बोलतोय तो नौदलाचा डॉकयार्ड फोर्टात, लायन गेटच्या आत आहे आणि या सगळ्यांपेक्षा पुष्कळ जुना आहे.

आता भरतीकडे येऊ. कोरडी गोदी म्हणजे किनाऱ्यात खोदलेला, दगडाने बांधून काढलेला लांबट खड्डा, समुद्राच्या बाजूला दरवाजे. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे आणि पाणी काढून टाकायचं. जहाज तळाशी रांगेने मांडलेल्या ठोकळ्यांवर बसतं, बाजूंनी लाकडाचे टेकू लावतात, आणि एरवी पाण्याखाली असणारं त्याचं पोट माणसाच्या हाताखाली येतं. आज पाणी पंपांनी काढतात. अठराव्या शतकात इथे वाफेचे पंप नव्हते. तेव्हा पाणी काढणारी खरी ताकद एकच, ओहोटी. भरती आणि ओहोटी यांत जेवढा फरक, तेवढी गोदी आपोआप रिकामी होणार. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. चेन्नईला किंवा कोचीला तो मीटरभराच्या आसपास असतो. एवढ्या फरकावर मोठं जहाज कोरडं करता येत नाही. शिवाय मुंबईचं बंदर पूर्वेकडे तोंड करून आहे, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला पाठ देऊन, त्यामुळे पावसाळ्यातही जहाजं सुरक्षित राहतात. हे दोन गुण एकत्र असलेली जागा पश्चिम किनाऱ्यावर फारशी नाही.

आपल्याकडच्या आरमारी लोकांनाही हे नीट कळलेलं होतं. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावच्या हद्दीत, वाघोटणच्या खाडीलगत खडकात कोरलेली आरमारी गोदी आजही पाहायला मिळते. कोकणाच्या सहलीला जाणारी बरीच मंडळी किल्ला पाहून परत फिरतात. त्यांनी वाट वाकडी करून ती गोदी बघावी. भरतीचं पाणी आत कसं घ्यायचं आणि बाहेर कसं सोडायचं याचा विचार त्या कातळात दिसतो.

१६६८मध्ये मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली, तरी तिची जहाजं बराच काळ सुरतेला बांधली जात. सुरत तेव्हा जहाजबांधणीचं पीठ होतं. पण मुंबईसमोरच्या पाण्यात कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता. अलिबागचा कुलाबा किल्ला आणि बंदराच्या तोंडाशी असलेली खांदेरी त्यांच्याकडे होती. व्यापारी ताफ्यांबरोबर लढाऊ गुराबा आणि गलबतं पाठवल्याशिवाय कंपनीचा माल सुखरूप जाईना. म्हणजे मुंबईत लढाऊ जहाजांची देखभाल करायची गरज कंपनीला पटवून दिली ती मराठी आरमाराने, असं म्हणायला हरकत नाही. १७३५च्या सुमारास कंपनीचा डडली नावाचा अधिकारी सुरतेला ‘क्वीन’ हे जहाज बांधून घ्यायला गेला. तिथे काम पाहणारा एक पारशी सुतार त्याच्या नजरेत भरला. तो लवजी नसरवानजी, वाडिया घराण्याचा मूळपुरुष. १७३६मध्ये लवजी थोडे सुतार सोबत घेऊन मुंबईला आले, आणि मुंबईच्या डॉकयार्डचा खरा इतिहास तिथून सुरू होतो.

१७५०मध्ये मुंबईत पहिली कोरडी गोदी तयार झाली. पुढच्या पंधरा वर्षांत तिच्याच रेषेत आणखी दोन, १७६२ आणि १७६५मध्ये. वरची, मधली आणि खालची अशी ती ओळ ‘बॉम्बे डॉक’ म्हणून ओळखली जाते. ही रचना हुशारीची होती. दोन गोद्यांमध्ये दरवाजा असल्याने गरजेप्रमाणे एक लांब खण करता येई किंवा वेगळे खण ठेवता येत. दीर्घ दुरुस्तीचं जहाज आतल्या खणात अडकलं तर मात्र पुढच्या खणातलं काम त्याच्या हिशेबाने आखावं लागे. गोदीचं वेळापत्रक लावणाऱ्याची ही डोकेदुखी तेव्हाही असणारच.

या गोद्यांचं युद्धातलं मोल १७८२मध्ये दिसलं. फ्रेंच अॅडमिरल सफ्रें आणि इंग्रज अॅडमिरल ह्यूज यांच्यात कोरोमंडल किनारा आणि श्रीलंकेच्या पाण्यात एकामागून एक लढाया झाल्या. सफ्रें दर्यावर्दी म्हणून कितीतरी सरस. त्याने त्रिंकोमाली जिंकलं. पण जायबंदी जहाजं कोरडी करून त्यांचं पोट दुरुस्त करायला या बाजूला त्याच्याकडे एकही गोदी नव्हती. मद्रासला तर बंदरच नव्हतं, उघडा समुद्र. ईशान्य मोसमी वारे सुरू झाल्यावर ह्यूज आपला ताफा घेऊन मुंबईला आला, जहाजं ठाकठीक केली आणि परत गेला. लाकडी जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कालवं चिकटतात, वेग मरतो. लाकूड पोखरणारे समुद्री किडे फळ्यांची चाळण करतात. ते साफ करून तांब्याचा पत्रा नव्याने ठोकण्याची सोय ज्याच्याकडे आहे, तो पुढच्या मोसमात लढू शकतो. डॉकयार्डचं महत्त्व सांगताना मी कायम हेच उदाहरण देतो, कारण यात नवं बांधलेलं एकही जहाज नाही.

आता बांधणीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनबरोबरच्या युद्धामुळे इंग्लंडला ओकचं लाकूड पुरेना. मुंबईकडे सागवान होतं, मलबार, कानडा आणि गुजरातच्या जंगलांतलं. सागवानात नैसर्गिक तेल असतं. ते पाणी आत जाऊ देत नाही आणि लोखंडी खिळ्याला जपतं. ओकमधलं आम्ल मात्र लोखंड खातं. त्यात सुरती-मुंबईच्या सुतारांची फळ्या जोडायची पद्धत निराळी होती. युरोपात फळी फळीला नुसती टेकवून मधली फट भरत. इथे एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला जीभ काढून त्या एकमेकींत बसवत, मध्ये तेल-राळेचा लेप आणि कापूस घालून. हे काम सावकाश होतं. प्रत्येक कड पुन्हा पुन्हा तासून बघावी लागते. पण एकदा बसली की ती जोड आख्ख्या एका लाकडासारखी वागते. मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे १८१७चं जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगत उभं आहे. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांपैकी ते सर्वांत जुनं. मुंबईच्या लाकूडकामाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

या काळाचे नायक लवजींचे नातू जमशेटजी बमनजी वाडिया. १८०५मध्ये त्यांनी ब्रिटिश नौदलासाठी सालसेट हे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, बांधलं. आपल्या साष्टी बेटाचंच ते नाव. १८१०मध्ये कवी बायरन दार्दानेल्सची सामुद्रधुनी पोहून गेला, तेव्हा तो प्रवासी म्हणून आला होता तो याच जहाजावरून. मोठ्या युद्धनौका बांधायच्या तर जुन्या गोद्या अपुऱ्या होत्या, म्हणून गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात १८०७ ते १८१० या वर्षांत नवी गोदी बांधली गेली. तीच डंकन डॉक. तिच्यात मिंडेन ही ७४ तोफांची नौका तयार झाली आणि १९ जून १८१०ला खुद्द डंकन यांच्या हस्ते बाटली फोडून बाहेर काढली गेली.

‘बाहेर काढली’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. जहाज उतरणीवरून घसरत पाण्यात जातं असं चित्र डोळ्यांसमोर असतं, पण मुंबईतल्या या नौका कोरड्या गोदीतच बांधल्या जात. दिवस ठरला की दरवाजातून पाणी आत घ्यायचं, जहाज हळूहळू ठोकळ्यांवरून उचललं जायचं, आणि ऐन भरतीला ते दोरांनी ओढून बंदरात आणायचं. त्यासाठी उधाणच हवं, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी उंचीची भरती चालत नाही. हे जुन्या तारखांवरून कोणालाही तपासता येतं. सालसेट १७ जानेवारी १८०५ची, पौर्णिमा नुकतीच उलटलेली. मिंडेनची १९ जून १८१० ही तारीख पौर्णिमेनंतर दोन-एक दिवसांची. कॉर्नवॉलिस २ मे १८१३, अमावास्येनंतर दोन दिवसांच्या आत. ट्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७, तीही अमावास्येच्या पाठोपाठ. उधाणाचं सर्वांत मोठं पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं हे कोळीवाड्यातल्या पोरालाही माहीत असतं. चारही तारखा नेमक्या तिथेच पडतात. जहाज कधी तयार होणार हे कंपनी ठरवत असेल, पण ते कधी निघणार हे चंद्राच्या हातात होतं. गोदीच्या कामात असलेल्या माणसाला त्या तारखा वाचताना जुन्या सहकाऱ्याची सही ओळखावी तसं वाटतं.

या नौकांनी पुढे जे पाहिलं ते थोडक्यात सांगतो. कॉर्नवॉलिसवर २९ ऑगस्ट १८४२ला नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. १८२४ची एशिया ही १८२७मध्ये नवारिनोच्या लढाईत अॅडमिरल कॉड्रिंग्टनची नौका होती. १८१५ची वेलस्ली सव्वाशे वर्षं तरली आणि १९४०मध्ये टेम्स नदीत जर्मन बॉम्बने बुडाली. ट्रिंकोमालीची गोष्ट तर आणखी चमत्कारिक: तिचे आराखडे ज्या जावा जहाजावरून मुंबईला येत होते ते १८१२मध्ये अमेरिकनांनी पकडलं, म्हणून नवे आराखडे मागवेपर्यंत काम खोळंबलं. तिच्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला होता.

जमशेटजींना कंपनीने चांदीची फूटपट्टी भेट दिली, सन्मान केला. पण एका जहाजाच्या आतल्या तुळईवर त्यांनी स्वतःच्या हाताने, ‘हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं’ अशा अर्थाची ओळ, त्या काळी गोरे वापरत त्या शिवीसकट, कोरून ठेवली होती आणि ती पुष्कळ वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी सापडली, असं सांगतात. लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांचा मुंबईत बांधलेल्या जहाजांना उघड विरोध होता हे मात्र नोंदलेलं आहे. त्यांच्या पोटावर पाय येत होता.

या वैभवाची किंमत जंगलांनी मोजली, आणि हा भाग सहसा कोणी सांगत नाही. नौदलाला सागवान अखंड मिळावं म्हणून १८०६मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमलं गेलं. सागाच्या झाडांवर कंपनीने हक्क सांगितला, खाजगी मालकांच्या जमिनीवरच्यासुद्धा. लोकांचा रोष एवढा वाढला की १८२३मध्ये मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनी ते पद रद्द केलं. भारतातल्या सरकारी वनव्यवस्थेची एक सुरुवात मुंबईच्या या गोदीसाठी झाली, हे वनखात्यात काम करणाऱ्या मंडळींनाही अनेकदा ठाऊक नसतं.

लाकडाचा काळ संपत आला तेव्हा डॉकयार्ड हातावर हात ठेवून बसला नाही. १८२९मध्ये ह्यू लिंडसे ही आगबोट इथे बांधली गेली आणि १८३०मध्ये ती मुंबईहून सुएझला गेली. त्या प्रवासाने इंग्लंडची टपाल आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा न घालता येऊ शकते हे सिद्ध झालं. वाडिया घराण्यातलेच अर्देसर कर्सेटजी सुतारकाम सोडून इंजिनांकडे वळले. १८३४मध्ये त्यांनी माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावले. १८४१मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी त्यांची मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि त्यांच्या हाताखाली युरोपियन माणसं काम करू लागली. जमशेटजींइतकंच अर्देसरांचं नाव मुंबईत घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर उतार लागला. लोखंडी जहाजं आली, आणि लोखंड, कोळसा, मोठे कारखाने इंग्लंडमध्ये. १८४८ची मियानी ही इथल्या मोठ्या लढाऊ लाकडी नौकांपैकी अखेरची. १८६३मध्ये कंपनीच्या परंपरेतलं भारतीय नौदलच मोडीत काढलं गेलं. पण डॉकयार्ड बंद पडला नाही, आणि माझा मुद्दा इथे सिद्ध होतो. नवी जहाजं बांधणं थांबलं तरी जहाजं येत राहिली, त्यांची पोटं साफ करावी लागत राहिली, सुकाणू आणि पंखे काढून बघावे लागत राहिले. नुसत्या बांधणीवर जगणारे जगातले कित्येक डॉकयार्ड पोलादाच्या लाटेत बुडाले. मुंबईचा दुरुस्तीवर तरला.

शहरावर परिणाम काय, हे आपण विचारलंत. फोर्टात पारशी वस्ती वाढण्यात या गोदीचा मोठा हात आहे. लवजींबरोबर आणि नंतर आलेल्या सुतार कुटुंबांना जवळच राहायला हवं होतं, कारण भरती रात्री असली तर कामही रात्री. लवजींच्या पुढच्या पिढ्यांतले नौरोसजी वाडिया यांनी १८७९मध्ये बॉम्बे डाइंग काढली, म्हणजे गोदीतलं घराणं गिरणीत उतरलं. लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग एके काळी अॅडमिरल्टी हाऊस होती, नौदलाच्या सेनापतीचं घर. उलट बाजूही आहे. बंदराची ही किनारपट्टी अडीचशेहून अधिक वर्षं भिंतीआड आहे, फोर्टातून चालताना समुद्र हाकेच्या अंतरावर असून दिसत नाही.

फेब्रुवारी १९४६मधला नाविकांचा उठाव हा तर या परिसराच्या इतिहासातला सर्वांत धगधगता आठवडा. १८ तारखेला कुलाब्यातल्या तलवार या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात सुरू झालेला संप बंदरातल्या जहाजांवर पसरला. २१ला डॉकयार्डला लागून असलेल्या कॅसल बराकीत नाविक आणि ब्रिटिश सैनिक यांच्यात गोळीबार झाला. २२ला गिरणगाव त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरलं. ज्या किल्ल्याच्या भिंतीआडून कंपनीने आंग्र्यांशी झुंज घेतली, त्या बॉम्बे कॅसलमधल्या नौदल तळाचं नाव १९५१मध्ये आय.एन.एस. आंग्रे झालं.

आजची स्थिती अशी. नवी जहाजं माझगाव डॉकला बांधली जातात. १९६०मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि तिथल्या निलगिरी या फ्रिगेटने १९७२मध्ये नौदलात प्रवेश केला. फोर्टातला डॉकयार्ड मुख्यतः दुरुस्तीचं काम करतो. २८ सप्टेंबर २०१९ला तिथे विमानवाहू नौका आत घेऊ शकेल अशी, सुमारे २८० मीटर लांबीची नवी कोरडी गोदी सुरू झाली. खांदेरी ही पाणबुडीही त्याच दिवशी नौदलात दाखल झाली. नव्या गोदीचं पाणी पंपांनी उपसलं जातं, तरी जहाज आत घेण्याची वेळ ठरवताना भरतीचा तक्ता आजही पाहावाच लागतो. जुन्या बॉम्बे आणि डंकन डॉकमध्ये दगडी पायऱ्यांवरून उतरून माणसं आजही काम करतात. आत जायला नौदलाची परवानगी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे. बाहेरून लायन गेट, त्याच्यावरचे दगडी सिंह आणि समोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग कोणीही पाहू शकतो. मुंबईच्या सुतारांचं काम हाताने चाचपून बघायचं असेल तर मात्र हार्टलपूलचं तिकीट काढावं लागेल.